रोग माणसाला, लस जनावराला

गाईच्या आंचळांतून पेल्यांत पडलेलें, फेंसाळलेलें, कोमट दूध उभ्याउभ्यां पिण्याची चाल आमच्या लहानपणीं पुष्कळ घरांतून होती. धारोष्ण दूध म्हणजे अमृत, असें वडील मंडळी सांगत, आणि आम्हीहि पेला घेऊन गोठ्याच्या दाराशीं उभे राहत असूं. आमच्या आजीला मात्र ही चाल कधींच पसंत पडली नाहीं. दूध चुलीवर चढून एकदां वर आल्यावांचून मुलांच्या ओठांना लागूं द्यावयाचें नाहीं, असा तिचा कडक नेम. कारण विचारलें तर ‘कच्चें तें कच्चें’ एवढेंच ती सांगे. या वादांत शास्त्र आजीच्या बाजूचें निघालें, आणि तें कसें निघालें ही हकीगत सांगावयाची तर थेट माल्टा बेटापासून सुरुवात केली पाहिजे.

माल्टा हें भूमध्य समुद्रांतील एक लहानसें बेट. एकोणिसाव्या शतकांत तेथें इंग्रजांचें मोठें आरमारी ठाणें होतें, आणि तेथील शिपायांना व खलाशांना एका विचित्र तापानें भंडावून सोडलें होतें. ताप चढे, घाम फुटून उतरे, रोगी बरा झाला असें वाटे, तों पुन्हां चढे. सांधे धरत, अंगांत त्राण उरत नसे, आणि हें रहाटगाडगें महिनेच्या महिने चाले. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानें १८८७ सालीं, त्या तापानें मेलेल्या शिपायांच्या प्लीहेंतून काढलेल्या जंतूची हकीगत प्रसिद्ध केली. त्याची पत्नी मेरी हिनें प्रयोगशाळेंत त्याला बरोबरीनें साहाय्य केलें होतें, ही गोष्ट आमच्या वाचक भगिनींनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

जंतु सांपडला, पण तो माणसाच्या शरीरांत येतो कोठून, हें कोडें पुढें अठरा वर्षें सुटलें नाहीं. अखेर १९०४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या विद्यमानें ब्रूसच्याच देखरेखीखालीं चौकशीसाठीं एक मंडळ नेमण्यांत आलें. त्यांत थेमिस्टोक्लीस झामिट हे माल्टाचेच डॉक्टर होते. १९०५ सालीं त्यांनीं शेळ्यांचें रक्त तपासलें, तों त्या तापानें तेथें आपली खूण आधींच उमटवून ठेवलेली! शेळ्या धडधाकट, चरतात, रवंथ करतात, दूध देतात. आणि त्याच दुधांत जंतु नांदत आहेत. माल्टांत त्या काळीं गवळी शेळ्यांचे कळप शहरांतून हांकीत नेई आणि गिऱ्हाइकाच्या दाराशींच दूध काढून देई. दुधांत पाणी नाहीं याची खातरी डोळ्यांसमोर पटे, एवढाच काय तो लाभ. इस्पितळांतील आजाऱ्यांना शक्ति यावी म्हणून हेंच दूध देत, आणि पाय मोडून आलेला शिपाई ताप घेऊन अंथरुणाला खिळे. १९०५ सालींच एका जहाजानें माल्टाच्या शेळ्या अमेरिकेला नेल्या. वाटेंत ज्या खलाशांनीं त्यांचें दूध पिऊन चैन केली, त्यांतले कित्येक तापानें पडले. १९०६ सालीं लष्कराचें शेळीचें दूध बंद झालें आणि शिपायांतील ताप पाहतां पाहतां ओसरला. बेटावरील सामान्य लोक मात्र तेंच दूध पीत राहिले आणि तापानें पडत राहिले.

पुढें डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनीं १८९७ सालीं गाईंच्या गर्भपाताच्या रोगांत दाखविलेला जंतु आणि हा माल्टाचा जंतु हे सख्खे भाऊ आहेत, असें अमेरिकेंतील ॲलिस इव्हान्स या विदुषीनें १९१८ सालीं मांडलें. कच्चें दूध पिऊं नका, असें ती सांगूं लागली, तेव्हां मोठमोठ्या पंडितांनीं तिची टर उडविली. पदवीनें डॉक्टर नसलेल्या एका स्त्रीचें कोण ऐकतो! तिला स्वतःलाच या रोगानें गांठलें आणि वर्षानुवर्षें छळलें. ब्रूसच्या नांवावरून या जंतूच्या कुळाला आज ब्रुसेला म्हणतात.

आतां सुज्ञ वाचक विचारतील कीं, दूध उकळलें म्हणजे हा जंतु मरतो ना? मग झालें, लसीची यातायात कशाला? घरापुरतें पाहिलें तर हें म्हणणें खरें आहे. पण हा जंतु दुधांतूनच येतो असें नाहीं. गाभण गाय या रोगानें गाभडली म्हणजे पडलेला गर्भ, वार आणि सोबतचें पाणी यांत त्याचा सुळसुळाट असतो. तें उचलणारा गवळी, गोठा झाडणारी त्याची बायको, अपरात्रीं अडलेली गाय सोडविण्यास आलेला गुरांचा डॉक्टर, यांच्या हातांवरील ओरखड्यांतून, डोळ्यांतून, श्वासांतून तो शिरतो. आपल्या घरांत दुधाला उकळी फुटते म्हणून आपण सुटतों. ज्याच्या गोठ्यांतून तें दूध येतें तो सुटत नाहीं. त्याला ताप येतो, तेव्हां हिंवताप किंवा विषमज्वर समजून भलतींच औषधें चालू राहतात. तेव्हां रोग अडवावयाचा तर तो गोठ्यांतच, जनावराच्या अंगांत शिरण्याच्या वेळींच अडविला पाहिजे.

जनावराच्या अंगांत तो शिरतो कोठून? येथें थोडें शरीरशास्त्र सांगणें भाग आहे. माणूस काय किंवा गाय काय, प्रत्येकाला दोन त्वचा असतात. एक बाहेरची, आपण धुतों-पुसतों ती. दुसरी आंतली: ओठांपासून आंतड्यांच्या शेवटापर्यंत, नाकापासून फुप्फुसांपर्यंत आणि पापणीच्या आंतल्या बाजूस पसरलेली, ओलसर, नाजूक, बुळबुळीत द्रवानें माखलेली. तिला श्लेष्मल त्वचा म्हणतात. बहुतेक रोगजंतु घरांत शिरतात ते याच दारानें. आणि निसर्गानेंहि या दारावर स्वतंत्र पहारा बसविला आहे. रक्तांत फिरणारे रोगनिवारक प्रतिपिंड निराळे आणि या उंबरठ्यावर उभे असणारे निराळे. उंबरठ्यावरच्या प्रतिपिंडाला इम्युनोग्लोब्युलिन ए असें नांव आहे. बेल्जियमचे योसेफ हेरेमन्स यांनीं १९५९ सालीं तें वेगळें ओळखलें, आणि अमेरिकेचे टॉमस टॉमासी यांनीं १९६५ च्या सुमारास लाळ, आसवें आणि आईचें दूध यांत त्याचेंच राज्य असल्याचें दाखविलें. हें प्रतिपिंड मुख्यतः मारामारी करीत नाहीं. जंतूला बुळबुळींत गुरफटून आंतल्या भिंतीला चिकटूं देत नाहीं, एवढेंच त्याचें काम. आईच्या आंतड्यानें जो शत्रु ओळखला त्याच्यावरचें प्रतिपिंड तिच्या दुधांत उतरतें, आणि तान्ह्या बाळाच्या पोटाला तोच पहारा आयता मिळतो.

दंडावर सुई टोचली म्हणजे रक्तांतले शिपाई तयार होतात. दारावरचे पहारेकरी तितकेसे जागे होत नाहींत. त्यांना जागें करावयाचें तर लस दारावरच दिली पाहिजे. याचें उदाहरण आपल्या प्रत्येक घरानें पाहिलें आहे. पोलिओची टोचावयाची लस मुलाच्या मज्जातंतूंना वांचविते, पण त्याच्या आंतड्यांत जंतूचें बिऱ्हाड व्हावयाचें तें बरेंचसें होतेंच, आणि तेथून तो शेजारच्या मुलाकडे जातो. तोंडांत घालावयाचे दोन थेंब तें बिऱ्हाडच होऊं देत नाहींत. गांवोगांव त्या थेंबांसाठीं रांगा लागल्या. २०११ च्या जानेवारीनंतर त्या जंगली जंतूनें आपल्या देशांत एकहि मूल लुळें पडलें नाहीं, आणि २०१४ च्या मार्चमध्यें देश त्यापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें.

जनावरांच्या बाबतींत हें गणित अधिकच महत्त्वाचें ठरतें. अन्नांतून माणसापर्यंत येणारे बरेच जंतु जनावराला आजारी पाडीतच नाहींत, किंवा थोडकेंच पाडतात. तें जनावर जगावें हा लसीचा मुख्य हेतु नसतोच. त्याच्या दुधांतून, अंड्यांतून, शेणांतून जंतु बाहेर पडूं नये हा हेतु असतो. म्हणजे सारी लढाई उंबरठ्यावरची.

पण ही लस करणें हातचा मळ नव्हे. आंतडें हें मोठें धोरणी इंद्रिय आहे. रोज पोटांत पडणाऱ्या अन्नाशीं तें भांडूं लागलें तर जगणें अशक्य होईल. म्हणून तोंडावाटे येणारा पदार्थ निरुपद्रवी दिसला कीं तें त्याकडे काणाडोळा करावयास शिकतें. मेलेल्या जंतूची लस पोटांत गेली तर पुष्कळदां तिचीहि गणना अन्नांतच होते. यास्तव जिवंत, पण दांत पाडलेला जंतु वापरावा लागतो, आणि दांत नेमके किती पाडावे हा नाजूक प्रश्न असतो. त्यांतून गाय-शेळी म्हणजे रवंथ करणारीं जनावरें. त्यांच्या पहिल्या पोटांत सूक्ष्मजीवांचा एवढा मोठा कारखाना अहोरात्र चालतो कीं, तोंडानें दिलेल्या लसीची तेथें वैरणीसारखीच वाट लागावयाची. मग दुसरें दार शोधावें लागलें, आणि तें डोळ्यांत सांपडलें.

शेळ्या-मेंढ्यांतील ब्रुसेलावर कॅलिफोर्निया विद्यापीठांतील सॅनफर्ड एल्बर्ग आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रेव्ह-१ या नांवाची लस सिद्ध केली. तिची जन्मकथा गमतीची आहे. जंतु मारण्याच्या औषधावांचून जो जगूंच शकत नाहीं असा एक जंतु त्यांनीं प्रथम निवडला, आणि त्याच्या संततींतून पुन्हां स्वतंत्रपणें जगणारा, पण जुना जहालपणा गमावलेला वाण वेगळा काढला. ही लस पूर्ण मात्रेनें कातडीखालीं टोचली तर ती गुणकारी, पण दोन दोष राहिले. गाभण शेळीला टोचली तर तीच कधीं गाभडे. आणि रक्तांतील प्रतिपिंड इतके दिवस टिकून राहत कीं, पुढें रक्त तपासणाऱ्याला ही खूण लसीची कीं रोगाची हें कळेनासें होई. फ्रान्समधील संशोधकांनीं तीच लस खालची पापणी किंचित् ओढून डोळ्यांत एक थेंब टाकून दिली. संरक्षण जवळजवळ तेवढेंच मिळालें, पण रक्तांतील खूण लवकर पुसली जाऊं लागली आणि गर्भपाताची भीतिहि उणावली. नाहींशी झाली नाहीं, हें सांगितलें पाहिजे. खरा रोगजंतु ज्या ओल्या दारांनीं येतो, त्यांतल्याच एका दाराशीं लस ठेवली, एवढीच यांतली युक्ति. भूमध्य समुद्राकांठच्या देशांतून हा थेंब आज रुळला आहे.

आतां एक कोंबडीची गोष्ट. अंड्यांचें नांव काढल्याबद्दल आमच्या कांहीं वाचक भगिनी नाक मुरडतील, पण ज्यांच्या घरीं अंडें येत नाहीं त्यांच्याहि आवडीच्या केकांत तें असतें, तेव्हां रागावूं नये. १९८८ च्या ३ डिसेंबरला इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या उपमंत्री एडविना करी यांनीं, देशांतील बहुतेक अंड्यांच्या उत्पादनाला साल्मोनेला नांवाच्या जंतूनें ग्रासलें आहे, असें उद्गार काढले. खप एकदम कोसळला, कोंबडीवाल्यांनीं आकाशपाताळ एक केलें, आणि बाईंना दोन आठवड्यांच्या आंत राजीनामा द्यावा लागला. बाईंचें विधान अतिशयोक्त होतें, पण निराधार नव्हतें. या जंतूची एंटेरिटिडिस नांवाची जात कोंबडीच्या अंडाशयांत जाऊन बसते आणि कवच तयार होण्यापूर्वींच अंड्याच्या आंत शिरते. बाहेरून अंडें कितीहि धुतलें तरी काय उपयोग? कोंबडी तर टुणटुणीत असते. रोग होतो तो अर्धवट शिजलेलें अंडें खाणाऱ्याला. आणि तान्हीं मुलें, गर्भवती व म्हातारीं माणसें यांना तो कधीं कधीं प्राणावर बेततो.

प्रथम लाखो कोंबड्या मारून पाहिल्या. रोग हटला नाहीं. पुढें १९९८ सालीं तेथील अंडींवाल्यांच्या संघानें आपण होऊन नियम केला कीं, लस दिलेल्या कोंबडीच्याच अंड्यावर तांबड्या सिंहाचा शिक्का मारावयाचा. आरंभींची लस टोचावयाची होती. हजारों कोंबड्या एकेक धरून टोचणें म्हणजे केवढा खटाटोप! नंतर पिण्याच्या पाण्यांतून द्यावयाच्या जिवंत लसी आल्या. पिलाला पहिल्याच दिवसापासून एक मात्रा, सहा-आठ आठवड्यांनीं दुसरी, आणि अंडीं घालूं लागण्यापूर्वीं तिसरी. हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन लसीचा जिवंत जंतु मारून टाकतें, म्हणून त्या पाण्यांत साय काढलेल्या दुधाची भुकटी घालून क्लोरिनचा जोर मारतात. कोंबड्यांना आधीं तास-दोन तास तहानलेल्या ठेवतात, म्हणजे लसीचें पाणी त्या भराभर पितात. पाण्यांत निळा रंग मिसळून मागाहून चोंच उघडून जीभ पाहतात. निळी दिसली तर बाई प्यायली, नाहीं तर चुकविली. आमच्या घरांत मुलांना एरंडेल पाजतांना हीच तपासणी होत असे!

शिक्क्याच्या अंड्यांचा नियम झाल्यानंतरच्या वर्षांत या जातीच्या जंतूनें आजारी पडणारांची संख्या इंग्लंडांत झपाट्यानें उतरली. एकट्या लसीलाच त्याचें श्रेय देणें बरोबर होणार नाहीं. खुराड्यांची स्वच्छता, उंदरांचा बंदोबस्त आणि तारीख घातलेलीं अंडीं हींहि त्याबरोबर आलीं. पण उतार लसीच्या पाठोपाठ आला, हें तेथील अभ्यासकांनीं दाखविलें आहे. २०१७ सालीं सरकारी अन्नखात्यानें सांगून टाकलें कीं, सिंहाचा शिक्का असेल तर गर्भवतीनेंहि अर्धें कच्चें अंडें खाण्यास हरकत नाहीं.

हें यश पाहून कोणास वाटेल कीं शास्त्र जिंकलें म्हणजे सर्व जिंकलें. आमच्या मतें तसें नाहीं, आणि त्याची साक्ष कॅनडांत मिळते. ई. कोलाय ओ १५७ हा जंतु माणसांत रोग घडवितो, ही गोष्ट १९८२ सालीं प्रथम उघडकीस आली. गाईच्या आंतड्याच्या अगदीं शेवटच्या भागांत तो वस्ती करतो. त्याचें विष ज्या खुंटीला अडकतें ती खुंटी गाईच्या रक्तवाहिन्यांत नसतेच. म्हणून गाईला कांहींच होत नाहीं. माणसाच्या मुलाच्या मूत्रपिंडांत ती भरपूर असते, आणि तेथें हें विष हाहाकार उडवितें. १९९३ सालीं अमेरिकेच्या पश्चिम भागांत अर्धवट शिजविलेल्या मांसामुळें चार मुलें दगावलीं. मांसाचा संबंध नसलेल्यांनींहि निर्धास्त राहूं नये: २००० सालीं कॅनडांतील वॉकर्टन गांवीं पावसानें शेण विहिरींत वाहून गेलें आणि नळाच्या पाण्यानें सात माणसें मेलीं, २००६ सालीं अमेरिकेंत कच्च्या पालकाच्या भाजीनें सुमारें २०० लोक आजारी पडले.

व्हँकूव्हरच्या विद्यापीठांतील ब्रेट फिनले आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं या कुळांतील जंतूंची एक विलक्षण चतुराई उघडकीस आणली होती. पाहुणा घरीं येतांना अंगरखा टांगावयाची खुंटी स्वतःच आणून भिंतींत ठोकतो, तसा हा जंतु आपल्याला धरून ठेवणारा पदार्थ आंतड्याच्या पेशींत आधीं पिचकारीसारख्या नळीनें सोडतो आणि मग त्याला चिकटतो. त्या खुंटीविरुद्ध व नळीविरुद्ध प्रतिपिंड तयार करणारी लस निघाली. ती टोचावयाची होती. तरी तिनें शेणांतील जंतूंचें प्रमाण घटलें, आणि २००८ सालीं कॅनडा सरकारनें तिला पूर्ण परवाना दिला. वासरांच्या नाकांतून वगैरे लस देऊन उंबरठाच अडविण्याचेहि प्रयोग संशोधकांनीं केले आहेत.

लस तयार, परवाना हातांत. पण गिऱ्हाईक नाहीं! शेतकऱ्याचा प्रश्न साधा होता. गाय आजारी नाहीं, लसीनें तिचें वजन वाढत नाहीं, दूध वाढत नाहीं. मग पदरमोड मीं कां करावी? मूल वांचणार तें शेंकडों मैलांवरच्या कोणा शहरांतलें, आणि त्याच्या आईबापांना तें वांचल्याचा पत्ताहि लागणार नाहीं. शेतकऱ्याला दोष देण्यास आमची लेखणी धजत नाहीं. ग्राहकानें चार पैसे अधिक मोजले नाहींत, खाटकानें मागणी केली नाहीं, सरकारनें सक्ति केली नाहीं. इंग्लंडांत सिंहाचा शिक्का पाहून अंडें उचलणारी गृहिणी होती. येथें तसा शिक्काच नव्हता. कांहीं वर्षांतच ती लस बाजारांतून नाहींशी झाली.

ब्रुसेलाची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. गाय गाभडली म्हणजे शेतकऱ्याचेंहि नुकसान होतें, तेव्हां त्याला लसीची कळकळ असावयास जागा आहे. पण लहान गोठेवाल्याला एक-दोन गाईंत हा रोग ओळखूं येत नाहीं, आणि खर्चाचा भार झेपत नाहीं. म्हणून आपल्या देशांत २०१९ सालापासून केंद्र सरकारनें हें काम राष्ट्रीय योजना म्हणून हातीं घेतलें. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशींच्या माद्या-पारड्यांना जन्मांत एकदां ही लस देतात. यासाठीं रूढ झालेली लस एस-१९ नांवाची. अमेरिकेंत जॉन बक यांनीं १९२३ सालीं एका गाईच्या दुधांतून काढलेला जंतु वर्षाहून अधिक काळ तसाच पडून राहिला आणि आपोआप निवळला, त्याची ती संतति. ती कातडीखालीं टोचतात. कांहीं देशांनीं हीच लस डोळ्यांत घालूनहि पाहिली आहे, आणि आपल्याकडेहि त्या वाटेचा विचार व्हावा असें आम्हांस वाटतें. लस जिवंत असल्यामुळें टोचणारानें हातमोजे व चष्मा वापरलाच पाहिजे. सुई चुकून स्वतःच्या बोटांत गेली तर त्यालाच तो ताप येऊं शकतो.

आमच्या दूधवाल्याच्या गोठ्यांत गेल्या महिन्यांत हीं मंडळी येऊन गेलीं. दोन कालवडींच्या कानांत पिवळे बिल्ले अडकविले होते, ते त्यानें आम्हांला मोठ्या कौतुकानें दाखविले. शेजारच्या गोऱ्ह्याला कां टोचलें नाहीं, म्हणून त्याच्या मुलानें विचारलें, तेव्हां ही लस माद्यांपुरतीच असते असें डॉक्टरांनीं त्याला समजावून सांगितलें. मग त्याची बायको आंतून बाहेर आली आणि म्हणाली, “मागल्या वर्षीं कपिला गाभडली तेव्हां सगळें मींच उचललें होतें, दादा. त्यानंतर तीन महिने ताप जातां जात नव्हता.” त्या वेळीं तिचें रक्त या रोगासाठीं कोणी तपासलें होतें काय, असें आम्हीं विचारलें. तपासलें नव्हतें. तालुक्याच्या इस्पितळांत तशी तपासणी सांगून करवून घ्या, असें आम्हीं तिला कागदावर लिहून दिलें.